आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलापासून जतनाच्या कामापर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात यंत्रे दुरुस्त करण्यापासून झाली. रिळांचे टेपरेकॉर्डर, कॅसेट डेक, यू-मॅटिक आणि बीटाकॅम या चित्रफितींचे प्लेअर यांची हेड (फीत वाचणारे भाग) बदलणे, बेल्ट घालणे आणि बिघडलेली गती ताळ्यावर आणणे, हेच आमचे काम होते. पुढे स्टुडिओंनी थेट संगणकावर मुद्रण सुरू केले, दुरुस्तीचे काम आटत गेले आणि गिऱ्हाईक वेगळीच विनंती घेऊन येऊ लागले: यंत्र राहू द्या, या फितीवर जे आहे तेवढे काढून द्या. फीत त्यांनी जपून ठेवलेली असे. ती वाजवणारे यंत्र मात्र केव्हाच भंगारात गेलेले असे. आज आम्ही दृक्‌श्राव्य संग्रहांच्या जतनाचे जे काम करतो, ते या विनंतीतून वाढलेले आहे.

त्या काळात घेतलेल्या एका निर्णयावर आमचा व्यवसाय अजूनही उभा आहे. स्टुडिओ आपली जुनी यंत्रे वजनावर विकत होते, तेव्हा चालू असोत की बंद, ती आम्ही घेत गेलो. हिशेबाच्या वहीत त्या खरेदीचे समर्थन करणे अवघड होते, आणि जागेच्या भाड्याकडे पाहिले तर आजही ते सोपे नाही. परंतु या क्षेत्रात फितीइतकेच दुर्मीळ असते ते तिचे यंत्र. चित्रफितींपैकी दोन इंची क्वाड्रुप्लेक्स 1956 मध्ये आली, यू-मॅटिक 1971 मध्ये, व्हीएचएस 1976 मध्ये, बीटाकॅम 1982 मध्ये आणि डिजिटल बीटाकॅम 1993 मध्ये; आणि यातील बहुतेकांचे यंत्र दुसरीच्या फितीला चालत नाही. व्हीएचएस रेकॉर्डर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या उत्पादकाने 2016 मध्ये उत्पादन थांबवले. तेव्हापासून जे यंत्र चालू आहे ते दुसऱ्या बंद यंत्राच्या सुट्या भागांवर चालते, आणि आमच्या गोदामातील निम्मी यंत्रे केवळ उरलेल्या निम्म्यांना जगवण्यासाठी ठेवलेली आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने 2015 मध्ये इशारा दिला होता की, चुंबकीय फितींवरील जे 2025 पर्यंत उतरवून घेतले जाणार नाही ते बहुधा कायमचे हातचे जाईल. पुढे युनेस्को आणि ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयासा यांनीही याच विषयावर जगभर पाहणी हाती घेतली. आमचा अनुभव त्या इशाऱ्याला दुजोरा देणारा आहे. तो इतकेच वेगळे सांगतो की यंत्रे एका ठरावीक वर्षी थांबत नाहीत. आधी सुटा भाग महागतो, मग तो मिळेनासा होतो, आणि शेवटी तो बसवता येणारा माणूस निवृत्त होतो. यातील तिसरी अडचण सर्वांत कठीण असल्यामुळे आम्ही नव्या सहकाऱ्यांना संगणकावर बसवण्याआधी बराच काळ दुरुस्तीच्या टेबलावर बसवतो. हे काहींना रुचत नाही, आणि ते सोडूनही जातात.

फितीचे स्वतःचेही आजार असतात. 1970 आणि 1980 च्या दशकांत बनलेल्या अनेक फितींमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप हवेतील ओलावा शोषून चिकट होतो. अशी फीत यंत्रावर चढवली की ती आधी कुरकुरते, मग किंचाळते, आणि हेडवर राळेसारखा तपकिरी थर साचून आवाज घोगरा होत होत नाहीसा होतो. तो थर नुसती घाण नसते. ज्या कणांवर आवाज मुद्रित आहे तेच कण लेपासह निघून आलेले असतात. म्हणूनच 'एकदा लावून तर बघू' हे वाक्य आमच्याकडे वर्ज्य आहे. अशा फितीला 50 ते 55 अंश सेल्सिअसच्या स्थिर, कोरड्या उष्णतेत तिच्या रुंदीनुसार कित्येक तास ठेवले की लेप तात्पुरता घट्ट होतो आणि काही आठवड्यांच्या आत ती उतरवून घ्यावी लागते. हाच उपाय ॲसिटेट या प्लास्टिकच्या पट्टीवर बनलेल्या जुन्या फितीवर केला तर मात्र ती वाकडी होऊन कायमची वाया जाते. त्यामुळे उष्णतेच्या कपाटाजवळ जाण्याआधी प्रत्येक रीळ दिव्यासमोर आडवे धरून पाहिले जाते: गुंडाळलेल्या थरांतून उजेड झिरपला तर ॲसिटेट, अपारदर्शक राहिले तर पॉलिएस्टर. इतकी साधी परीक्षा वगळून केलेली कामे दुरुस्तीसाठी आमच्याकडे येतात तेव्हा सहसा आमच्याही हातात काही उरलेले नसते.

व्यवसायाला खरे वळण मिळाले ते यंत्रांमुळे नव्हे, तर गिऱ्हाइकाशी झालेल्या एका जुन्या वादामुळे, आणि तो वाद आजही दर नव्या कामाच्या वेळी नव्याने घालावा लागतो. आवाज स्वच्छ करून द्या, खरखर काढा, चित्राचे रंग उजळा, अशी मागणी बहुतेक जण करतात, आणि तसे करून देणाऱ्याला चटकन दादही मिळते. आम्ही सुरुवातीपासून दोन प्रती वेगळ्या मानल्या आहेत. जतन प्रतीत फितीवर जे आहे ते, त्यातील दोषांसकट, आमची कसलीही आवडनिवड न मिसळता उतरवले जाते. ऐकण्या-पाहण्यासाठीची प्रत त्यावरून नंतर तयार होते आणि तिच्यात काय बदलले याची नोंद सोबत जाते. आयासाच्या मार्गदर्शक तत्त्वांचाही हाच आग्रह आहे, आणि ध्वनीचे नमुने किती वेगाने व किती बारकाईने घ्यायचे यासाठी ती किमान 48 किलोहर्ट्झ व 24 बिट, तर शक्य तेथे 96 किलोहर्ट्झ व 24 बिट असे प्रमाण सुचवतात.

हा आग्रह पोथीनिष्ठ वाटू शकतो, म्हणून त्यामागचे व्यावहारिक कारण सांगतो. अनेक जुन्या मुद्रणांत विजेच्या पुरवठ्याचा बारीक गुणगुणाट उतरलेला असतो आणि गिऱ्हाइकाला तो सर्वांत आधी काढून हवा असतो. तो देशानुसार 50 किंवा 60 हर्ट्झचा किंवा त्याच्या पटीतला असतो. मूळ रेकॉर्डर हळू किंवा जलद चालत असेल, तर नीट गतीच्या यंत्रावर वाजवताना हा गुणगुणाट आपल्या ठरलेल्या स्वरापासून हललेला सापडतो, आणि त्यावरून बोलणाऱ्याचा आवाज मुळात किती उंच होता हे ठरवता येते. दोष म्हणून जो पुसून टाकायचा तोच मोजपट्टीचे काम करतो. ग्रामोफोनच्या तबकड्यांबाबतही असेच घडते. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेगवेगळ्या कंपन्या खर्ज व तार स्वर वेगवेगळ्या प्रमाणात कमी-जास्त करून तबकडी कापत असत, आणि मिनिटाला 78 फेऱ्यांच्या म्हणवल्या जाणाऱ्या सर्वच तबकड्या नेमक्या 78 च्या गतीने मुद्रित झालेल्या नसतात. जतन प्रत निर्लेप ठेवली असेल, तर पुढच्या जाणकाराला आपल्यापेक्षा बरा निर्णय घेता येतो.

चित्रपटांच्या कामाकडे आम्ही उशिरा आणि काहीसे दबकत वळलो. डबा उघडताच नाकात शिरणारा शिर्क्याचा दर्प हा या कामातील पहिला अहवाल असतो: ॲसिटेटची पट्टी विघटित होऊन ॲसिटिक आम्ल सोडू लागलेली असते, ते आम्लच विघटनाला आणखी वेग देते, आणि बंद डब्यात ही क्रिया स्वतःलाच पोसत राहते. नाकावर विसंबून चालत नाही, म्हणून प्रत्येक डब्यात आम्ही आम्लमापक कागदाची निळी पट्टी ठेवतो. काही काळाने ती हिरवी झाली तर काम रांगेत पुढे घ्यायचे आणि पिवळी झाली तर त्या डब्याला इतरांपासून वेगळे करून प्रथम तोच हाताळायचा, असा आमचा क्रम आहे. आकसलेली फिल्म दातेरी चाकांवरून ओढली तर छिद्रे फाटतात, त्यामुळे आमचा स्कॅनर फिल्मला नुसता रोलरांवरून सरकू देतो. संस्थेच्या आवाक्याच्या मानाने ही आमची सर्वांत मोठी खरेदी होती.

नायट्रेट या अतिज्वलनशील प्लास्टिकची फिल्म आम्ही स्वीकारत नाही. 1950 च्या दशकाच्या आरंभापर्यंत 35 मिलिमीटरचे व्यावसायिक चित्रपट प्रामुख्याने याच पट्टीवर निघत. ती जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःतूनच पुरवते आणि पाण्याखालीही जळत राहते. 1978 मध्ये अमेरिकेतील सूटलंड येथील राष्ट्रीय अभिलेखागाराची फिल्म-कोठारे पेटली, त्यामागे नायट्रेट होते. अशी पट्टी सांभाळण्याची खास बांधणीची जागा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच ती जावी, हे आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगतो.

'डिजिटल करून घेतले म्हणजे सुटलो' हा समज आमच्या व्यवसायाला नफ्याचा असला तरी खरा नाही. 4 के मापाने (रुंदीत सुमारे चार हजार बिंदू) आणि 10 बिटांत स्कॅन केलेली एक चौकट सुमारे 51 मेगाबाइटची होते. सेकंदाला 24 चौकटी धरल्या, तर दीड तासाचा चित्रपट साडेसहा टेराबाइटच्या पुढे जातो. जुन्या चित्रफितीचा एक तास संकोचनाविना सुमारे 100 गीगाबाइट घेतो आणि एफएफव्ही 1 सारख्या काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने तो साधारण निम्म्यावर येतो. हे सगळे ज्या एलटीओ या संगणकीय साठवणीच्या चुंबकीय फितींवर साठवायचे, त्यांची यंत्रेही पिढीगणिक बदलतात: सातव्या पिढीपर्यंतचे यंत्र मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचू शकत असे, आठव्या पिढीचे एकाच मागच्या पिढीची वाचते. म्हणजे थोड्याथोडक्या वर्षांनी सगळा साठा नव्या फितींवर हलवणे आणि प्रत्येक फाइलचा पडताळा-अंक (फाइल जराही बदलली तर बदलणारा अंक) जुळतो का ते पाहणे ओघाने आलेच. आमच्या दरपत्रकात हा खर्च वेगळ्या ओळीत दाखवलेला असतो. तो पाहून काही कामे हातची जातात. तरीही ती ओळ आम्ही काढलेली नाही. मूळ फीत किंवा पट्टी स्कॅननंतर टाकून देण्याचा सल्लाही आम्ही देत नाही, कारण उद्याचे यंत्र तिच्यातून आजच्यापेक्षा अधिक काढू शकेल.

दरांविषयीही थोडे लिहितो, कारण नव्याने या क्षेत्रात येणारे पहिल्यांदा हेच विचारतात. तासाच्या दराने काम घेणे आम्ही सोडून दिले. एक तासाच्या निरोगी कॅसेटला दीड तास लागतो, तर एक तासाच्या बुरशी लागलेल्या रिळाला पूर्ण दिवस. आता आम्ही आधी संग्रहाची तपासणी करतो, तिचे वेगळे शुल्क घेतो, आणि फितींची अवस्था पाहून दर ठरवतो.

अलीकडे आमचा सर्वाधिक वेळ जातो तो यंत्रांवर नव्हे, तर लेबलांवर. जगभरातील दूरचित्रवाणी केंद्रांनी सुरुवातीच्या काळात महाग फिती पुसून पुन्हा वापरल्या. चलत्‌चित्रांच्या जतनाविषयीची युनेस्कोची शिफारस आली तीच मुळी 1980 मध्ये. त्यामुळे डब्यावर एक नाव, फितीवर दुसरे आणि आत तिसराच कार्यक्रम, हा प्रकार आम्हांला रोजचा आहे. लेबल चुकीचे दिसले तरी आम्ही ते काढत नाही. त्याचे छायाचित्र घेतो, त्यावरील मजकूर जसाच्या तसा नोंदवतो आणि प्रत्यक्षात काय सापडले ते शेजारच्या रकान्यात लिहितो. कोण बोलत आहे, कोठे बोलत आहे, हे ओळखणारी माणसे संग्रहमालकांकडेच असतात. म्हणून या वर्षापासून आम्ही यादी पूर्ण होण्याची वाट न पाहता उतरवलेल्या प्रती गटागटाने त्यांच्याकडे पाठवतो, आणि त्यांनी भरून पाठवलेले रकाने मूळ नोंदीला जोडून घेतो.