गाडीचा मागचा अ‍ॅक्सल, एकदाचा बसला!

पाठ धरलीय आणि अंगाला गिअर ऑइलचा तो सडका वास येतोय. दोनदा साबण लावला, वास हलत नाही.

जुने शाफ्ट 27 स्प्लाइनचे, म्हणजे टोकाला 27 खाचा, बारीकच. मोठे टायर लावल्यापासून खडकात चाक अडकलं की शाफ्ट तुटतोय की काय, म्हणून पोटात गोळा यायचा. आता फोर्डचा 8.8 अ‍ॅक्सल टाकलाय, क्राउन (आतला मोठा गिअर) 8.8 इंची, शाफ्ट 31 स्प्लाइनचे, जाड.

वाटलं होतं, चार यू-बोल्ट सोडले की काम फत्ते. एका गंजक्या नटाने दीड तास खाल्ला. शेवटी ग्राइंडरच चालवला.

पुढच्या अ‍ॅक्सलचा रेशो 4.10, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे (क्राउन फिरवणारा छोटा गिअर) 4.10 फेरे, म्हणून मागेही तोच हवा. नाहीतर फोर-व्हील लावल्यावर पुढचं-मागचं भांडत बसतं. विकणारा म्हणाला होता, तोच आहे. पण मी कसला ऐकतोय! पिनियनवर खडूची रेघ मारली, दोन्ही चाकं सोबत बरोबर एक फेरा फिरवली. रेघ चार वेळा वर आली आणि इवलीशी पुढे जाऊन थांबली. जमलं!

अ‍ॅक्सलवर पाट्या (लीफ स्प्रिंग) जिथे टेकतात, त्या बैठकींना आधी नुसते वेल्डिंगचे टाके मारले. गाडीचं वजन पाट्यांवर घेऊन पिनियनचा कोन बघितला, मगच पक्कं वेल्डिंग, तेही थांबत थांबत. सलग मारलं तर तापून अ‍ॅक्सलची नळी वाकते.

ब्रेकची हवा काढायला धाकट्याला पेडलवर बसवलं. "दाब... धरून ठेव..." साहेबांनी मोबाइल बघता बघता पाय उचलला. पुन्हा पहिल्यापासून.

रात्री एक चक्कर मारली. गळती नाही, घरघर नाही. प्रॉपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलला फिरवणारा लांब दांडा) जरा थरथरतोय, ते उद्या.