थ्रेशर, प्रमाण १:२०० : काम नळ्यांपर्यंत आले

संखेड्याच्या खरादीने सागाच्या ओंडक्यातून कातून दिलेले 'थ्रेशर' पाणबुडीच्या प्रतिकृतीचे ४२.४ सेंटिमीटरांचे कवच गेल्या रविवारी बडोद्यात माझ्या टेबलावर आले. त्याच्या डाव्या बाजूस खिडकी कापून यंत्रकक्ष उघडा दाखवायचा, असे मी ठरवले आहे, कारण १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप कॉडच्या पूर्वेला १२९ माणसांसह बुडालेल्या या अमेरिकी अणुपाणबुडीची कथा मला तिथेच सुरू झालेली दिसते.

समुद्राचे पाणी वाहणाऱ्या तिच्या अनेक नळ्यांचे सांधे चांदीच्या ब्रेझिंगने, म्हणजे चांदीमिश्रित धातू वितळवून फटीत भरून, जोडलेले होते. हा सांधा नीट समजावा म्हणून मी दांडिया बाजारातल्या एका फ्रीज दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे गेलो आणि त्यांना एक सांधा मुद्दाम घाईने तापवायला सांगितला. बाहेरून कडा चकचकीत आणि भरलेली दिसत होती. करवतीने सांधा उभा चिरला, तेव्हा मात्र जवळजवळ अर्ध्या घेरात चांदी पोहोचलीच नव्हती. बुडण्यापूर्वीच्या दुरुस्तीत ध्वनिलहरींनी तपासलेल्या १४५ सांध्यांपैकी सुमारे १४ टक्के निकषाला उतरले नव्हते आणि बहुतेक सांधे तपासलेच गेले नव्हते, हे वाचलेले त्या कापलेल्या तुकड्याने डोळ्यांसमोर उभे केले.

चौकशी मंडळाच्या मते बहुधा असाच एखादा सांधा फुटून पाणी आत शिरले, विजेच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि अणुभट्टी बंद पडली. प्रथम विजेचाच बिघाड झाला, असे मानणारेही आहेत. पण वर येण्याचा शेवटचा उपाय का फसला, याचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. बॅलास्ट टाक्यांतले, म्हणजे पाणबुडी बुडवण्यासाठी ज्यांत पाणी भरतात त्या टाक्यांतले, पाणी बाहेर ढकलण्यासाठी सोडलेल्या दाबाखालच्या हवेत बाष्प होते. ही हवा पसरताना थंड होते आणि बाष्प गाळणीच्या जाळीवर गोठून वाट बंद करते. 'टिनोसा' या तिच्या भगिनी पाणबुडीवर धक्क्याला बांधून घेतलेल्या चाचणीत नेमके हेच घडले. 'थ्रेशर'चे अवशेष सुमारे २,५६० मीटर खोल सापडले. मृतांत दुरुस्तीचे काम पाहायला आलेले १७ नागरीही होते. म्हणून पाटीवर 'नाविक' न लिहिता 'माणसे' असा शब्द मी ठेवला आहे.

नळ्यांसाठी ०.५ मिलिमीटरची तांब्याची तार वळवून झाली आहे. गाळणीची जाळी राहिली आहे. चहाच्या गाळणीची तार या प्रमाणाला फार जाड पडते, तेव्हा पुढच्या आठवड्यात मांडवीजवळ सोनारांकडे बारीक चाळणीचा तुकडा शोधणार आहे.