विमा एजंटाचा हॅम्लेट

शुक्रवार, रात्रीचे पावणेदोन

सकाळी लवकर उठायचंय, पण डोक्यातून रशियन नट इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की जाईना. काल त्याचा 'हॅम्लेट' पाहिला, आज 'गाडीपासून सावधान'. असं लागोपाठ पाहायचं काही ठरवलं नव्हतं. झालं ते बरंच झालं.

दिग्दर्शक कोझिंत्सेव्हचा 'हॅम्लेट' १९६४चा, कृष्णधवल. पास्तरनाकचं भाषांतर, शोस्ताकोविचचं संगीत, म्हणजे बोलायलाच नको. जगावं की मरावं हे स्वगत तो तोंडाने म्हणतच नाही. समुद्राकाठच्या खडकांतून चालत राहतो आणि आवाज आतून येतो. बासरी वाजवता येत नाही आणि मला वाजवायला निघालात, असं मित्रांना सुनावतो तिथे मी उशी सारून ताठ बसले. 'डेन्मार्क म्हणजे तुरुंग' म्हणणाऱ्या या माणसाने कैद खरोखर भोगली होती. १९४३ मध्ये तो जर्मनांच्या हाती लागला, निसटला, आणि एका युक्रेनियन कुटुंबाने त्याला लपवून ठेवलं.

या भूमिकेसाठी १९६५ मध्ये सोव्हिएत संघाचा लेनिन पुरस्कार. दुसरा कुणी असता तर आयुष्यभर काळा डगला चढवून फिरला असता. हा पुढच्याच वर्षी दिग्दर्शक रियाझानोव्हच्या 'गाडीपासून सावधान' या विनोदी सिनेमात देतोच्किन झाला! साधा विमा एजंट. लाचखोरांच्या, काळाबाजारवाल्यांच्या गाड्या चोरायच्या, विकायच्या आणि पैसे अनाथाश्रमांना पाठवायचे. एका गाडीत तर मालकाने सापळाच लावलेला, अस्वलाचा, आणि त्यात याचा पाय!

आणि हा देतोच्किन हौशी नाटकात काम करतो. कुठलं नाटक? हॅम्लेट. समोर हॅम्लेटशी द्वंद्व खेळणारा लेआर्टिस कोण, तर त्याच्याच मागावर असलेला तपास अधिकारी (नट ओलेग येफ्रेमोव्ह). मी हसून हसून पाणी सांडलं गादीवर. आपल्याकडच्या कामगार नाट्यस्पर्धांत ऑफिसातून धावत येऊन मिशी चिकटवणारी माणसं पाहिलीत मी, बाबाच त्यांतले. त्यामुळे असेल, पण मला हा दुसरा हॅम्लेट जास्त जवळचा वाटला. राजपुत्राला निदान हॅम्लेट असण्यावाचून गत्यंतर नाही. याला सकाळी विम्याची कागदपत्रं आहेत, रात्री गाडी आहे, तरी तालीम चुकत नाही.

तारकोव्स्कीच्या 'आरसा' या सिनेमात (१९७५) तर निवेदकाचा नुसता आवाज स्मोक्तुनोव्स्कीचा, चेहरा दिसतच नाही. तो उद्या. गादीचं टोक अजून ओलंच आहे.