तालुक्याच्या ओपीडीतून राज्य कार्यकारिणीत

मनोविकारतज्ज्ञांच्या राज्य पातळीवरील संघटनेत पदाधिकारी होणारी मंडळी बहुतेक वेळा मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून येतात. तिथे सहकारी प्राध्यापक आणि निवासी डॉक्टर असल्यामुळे विभागप्रमुख बैठकीला गेले तरी ओपीडी चालू राहते. माझा खासगी दवाखाना यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला आहे, आणि मी बाहेरगावी गेलो की तो बंद असतो. आधी कार्यकारिणी सदस्य, मग सचिव आणि शेवटी अध्यक्ष अशी माझी वाटचाल झाली. तिच्यातले बहुतेक निर्णय या एका अडचणीनेच ठरवले.

सुरुवातीची बरीच वर्षे संघटनेला माझा उपयोग अधिवेशनापुरता होता. ग्रामीण मानसिक आरोग्यावर एक सत्र ठेवायचे, ते शेवटच्या दिवशी जेवणानंतर ठेवायचे आणि त्यात मी शेतकरी आत्महत्यांवर बोलायचे, असा परिपाठच पडला होता. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या पायाशी प्रवासाच्या बॅगा असत. त्याचे मला फारसे वाईट वाटत नसे. खटकत असे ते हे, की ग्रामीण रुग्ण हा वेगळ्या सत्राचा विषय मानला जाई, आणि इतर सत्रांत ठरणाऱ्या उपचारांच्या पद्धती मात्र त्याच रुग्णाला लागू होत.

चित्र पालटले ते मानसिक आरोग्यसेवा कायद्यामुळे. 2017 मध्ये संमत झालेला हा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला आणि संघटनेने सदस्यांकडून अभिप्राय मागवले. मी कलमवार टिपण लिहून पाठवले. उदाहरणार्थ, कलम 89 नुसार रुग्णाला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, अर्जावरून दाखल करायचे असेल, तर एका मनोविकारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा वैद्यकीय व्यावसायिकाने त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते. शहरात ही दुसरी सही शेजारच्या खोलीत मिळते. आमच्याकडे ती करणारा माणूस म्हणजे दिवसभर ताप-खोकल्याचे रुग्ण पाहून दमलेला जनरल प्रॅक्टिशनर, आणि आपण नेमके कशावर सही करतो आहोत याची धास्ती त्याला असते. दाखल केल्याची माहिती रुग्णांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाला सात दिवसांत, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, कळवायची आहे. पण कायदा लागू झाला तेव्हा आमच्या भागात असे मंडळच नव्हते. कलम 95 ने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचे सौम्य झटके देण्याचा उपचार, देण्यास बंदी घातली. या बंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तरीही तालुक्यातला भूलतज्ज्ञ सिझेरियनमध्ये अडकलेला असतो आणि अन्नपाणी सोडलेला रुग्ण त्याची वाट पाहत पडून राहतो, हे कुणीतरी लिहायला हवे होते.

त्या टिपणामुळे मला कार्यकारिणीत घेतले गेले. अध्यक्षपदासाठी मात्र निवडणूक लढवावी लागली. सूचक आणि अनुमोदक सहज मिळाले, पण मतदार बहुतांशी शहरांत होते आणि त्यांच्या भेटी घेत फिरणे मला परवडणारे नव्हते. आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडी सर्वांत जास्त भरते, कारण आसपासच्या तांड्यांवरचे लोक बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतात. तो दिवस सोडणे शक्यच नव्हते. रोज रात्री दवाखाना बंद झाल्यावर मी एकेका सदस्याला फोन करत असे. प्रचाराचे आवाहन दोन वाक्यांत संपे आणि पुढचा वेळ एखाद्या अवघड रुग्णावर चर्चा होई. मते बहुधा त्या चर्चांनीच मिळवून दिली असावीत.

निवडून आल्यावर खरा प्रश्न रुग्णांचा होता. मुंबईच्या बैठकीसाठी रात्रभर ट्रॅव्हल्सने जायचे, दिवसभर बसायचे आणि पुन्हा रात्रभर प्रवास करून सकाळी ओपीडीत हजर व्हायचे. यात सगळ्यांत जपावे लागले ते महिन्यातून एकदा घ्यायच्या, हळूहळू परिणाम करणाऱ्या डिपो इंजेक्शनवरच्या रुग्णांना, कारण सिझोफ्रेनियाचा रुग्ण एकदा बंद दारावरून परत गेला की पुढच्या महिन्यात येईलच याची खात्री नसते. त्यांची यादी आणि इंजेक्शने एका विश्वासू फिजिशियन मित्राकडे ठेवण्याची व्यवस्था मी केली. लिथियम आणि क्लोझापिन या, नियमित रक्ततपासणी लागणाऱ्या औषधांवरच्या रुग्णांचे अहवालही तोच पाहत असे. या मित्राचे नाव संघटनेच्या कोणत्याही अहवालात नाही. पदाला मानधन नसते आणि बंद दवाखान्याला उत्पन्न नसते, हे इच्छुकांनी आधीच घरच्यांशी बोलून घ्यावे.

मार्च 2020 मध्ये केंद्राच्या टेलिमेडिसिनविषयीच्या, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला देण्याविषयीच्या, मार्गदर्शक सूचना आल्या, तेव्हा मी पदावर होतो. ठरावीक यादीतली औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहून द्यायची असतील तर सल्ला व्हिडिओवर व्हायला हवा, असा त्यात नियम आहे. चर्चेत बहुतेकांना तो अगदी साधा वाटला. माझ्या रुग्णांपैकी अनेकांच्या घरात एकच साधा फोन होता आणि तोही घरातला मुलगा शेतावर घेऊन जाई. म्हणून आशा कार्यकर्तीच्या किंवा उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या फोनवरून व्हिडिओ सल्ला घेता यावा, असा आग्रह मी धरला आणि आमच्या सदस्यांसाठीच्या टिपणात ती सोय घालून घेतली. तेवढ्या परिच्छेदासाठी झालेली वादावादी आजही आठवते.

सर्वांत कठीण विषय आत्महत्येच्या प्रयत्नाचा होता. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 115 असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरते आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेच्या कलम 309 सारखा सरसकट गुन्हाही उरलेला नाही. तरी पोलिसांच्या भीतीने नातेवाईक अजून सांगतात की फवारणी करताना औषध पोटात गेले. आमच्या जिल्ह्यात ते खरेही असू शकते. 2017 च्या खरिपात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे विषबाधेच्या प्रत्येक रुग्णाशी, नातेवाईकांना बाहेर बसवून आणि पोलिसांचा विषय काढण्याआधी, कुणीतरी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, हा मुद्दा मी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणला. शहरी सहकाऱ्यांना आधी तो अनावश्यक बारकावा वाटला. वॉर्डात काम करणाऱ्या परिचारिकांना तो समजावून सांगावा लागला नाही.

ग्रामीण भागातून आलेला पदाधिकारी बैठकांच्या सवयीने हळूहळू शहरी होतो, असे माझे निरीक्षण आहे, आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. म्हणून माझ्या कार्यकाळात प्रत्येक मसुदा अंतिम होण्याआधी तालुक्यात काम करणाऱ्या किमान दोन सदस्यांनी तो वाचावा, असा ठराव करून घेतला. कार्यवृत्तात आल्यामुळे तो माझ्यानंतरही पाळला जातो. या मार्गाने येऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी अध्यक्षपदाऐवजी आधी सचिवपद मागायला सांगतो, कारण बैठकीत कोणता विषय किती वाजता येणार हे सचिव ठरवतो, आणि तालुक्याचे प्रश्न जेवणाआधी घेणे त्याच्याच हातात असते.