बोर्डिघेराचं ऊन

शनिवार, रात्री उशिरा

आज परत आर्ट इन्स्टिट्यूटच्या चित्रसंग्रहालयात जाऊन आले. शिकागोत तीन दिवस सूर्य दिसला नव्हता, घरात बसून जीव नुसता कोंदटला होता, म्हणून निघालेच आणि सरळ फ्रेंच चित्रकार मोनेच्या ‘बोर्डिघेरा’ या चित्रासमोर जाऊन उभी राहिले, बाकी काही बघितलंच नाही.

बोर्डिघेरा हे इटलीतलं समुद्राकाठचं गाव, फ्रान्सच्या बॉर्डरजवळ. डिसेंबर १८८३ मध्ये मोने त्याच्या चित्रकार मित्राबरोबर, रेन्वारबरोबर, तो किनारा फिरून गेला आणि जानेवारी १८८४ मध्ये एकटाच परत आला, आपली चित्रं विकणाऱ्या डीलरला, द्युराँ-रुएलला, बजावलं की कुणाला सांगू नका, मला एकट्याने काम करायचंय. आला होता तीन आठवड्यांसाठी, राहिला जवळजवळ तीन महिने! पत्रात लिहितो की इथलं ऊन रंगवायला हिऱ्यामाणकांचं पॅलेट हवं.

पण खरी अडचण झाडांची होती. त्याला एकटी उभी झाडं आणि भरपूर मोकळी जागा आवडायची, आणि इथे तर नुसता गुंता. आणि या चित्रात त्याने नेमका तोच गुंता सगळ्यात पुढे आणून ठेवलाय, वाकडेतिकडे पाईन, एकमेकांत अडकलेल्या फांद्या, आणि त्यांच्या फटींतून पलीकडे गाव आणि मागे निळाशार समुद्र. जे जमत नव्हतं त्याला बगल दिली नाही त्याने, हे मला आज पहिल्यांदा कळलं आणि तिथेच डोळे भरून आले.

मग अगदी जवळ गेले. जवळून गाव नाहीच, पांढरट, गुलाबी, नारिंगी असे जाड फटकारे नुसते, दोन पावलं मागे आलं की त्याच्या भिंती होतात आणि त्या भिंतींवर ऊन पडतं. नारिंगीला लागूनच निळा, म्हणून दोन्ही पेटतात. सावलीत काळा कुठे सापडेना, मी बराच वेळ शोधला. शाळेत आम्हाला सावली म्हणजे काळा मिसळा असंच शिकवलेलं, आणि माझा हात अजून त्याच ट्यूबकडे जातो.

फोटो काढून आईला पाठवला पण फोटोत ते गुलाबी गेलंच, सगळं हिरवं-निळं दिसतंय. आई म्हणाली, छान आहे गं, पण ऊन कुठंय?

पुढच्या शनिवारी परत जाणारे, फक्त ती गावाची पट्टी बघायला.