ह्यातला बेड कुठला?

२०२४ च्या मे महिन्यातला शेवटचा शनिवार होता. बारावीचा निकाल लागून चार दिवस झाले होते आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात लॅपटॉप बघायला येणाऱ्या पालकांची वर्दळ सुरू होती. दुपारी अडीचच्या सुमारास जे बाप-लेक आत आले, त्यांना मात्र लॅपटॉप नको होता; मुलाला गेम खेळायला सुटे भाग जोडून केलेला कॉम्प्युटर हवा होता. वडील उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे. घरी जाऊन हातपाय धुऊन आले असावेत, तरी बोटांच्या पेरांतली काळी रेघ गेलेली नव्हती. त्यांना भिशी लागली होती, तिचे पन्नास हजार रुपये रुमालात बांधून आणले होते आणि त्यात मॉनिटरसकट सगळे बसले पाहिजे, ही एकच अट होती. मुलाने वहीच्या पानावर यादी करून आणली होती.

ती यादी चुकीची होती, पण आळसाने केलेली नव्हती. प्रत्येक वस्तूपुढे भाव लिहिलेला, दोन ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर ११,८०० रुपये, बी४५० मदरबोर्ड ५,८००, सोळा जीबीची एकच दिवेवाली रॅम ३,९००, आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड १३,५००, पाचशे जीबीची एसएसडी ३,४००, साडेसहाशे वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) १,४००, समोर काच आणि सहा रंगीत पंखे असलेले कॅबिनेट ४,५००, शंभर हर्ट्झचा नवा मॉनिटर ७,५००. बेरीज ५१,८०० येत होती आणि तिच्याखाली त्याने पेन्सिलीने ‘डिस्काउंट?’ असे लिहिले होते.

मी आधी कार्डाबद्दल बोललो, कारण यादीतली मोठी चूक तिथेच होती. ५६००जी मधले ‘जी’ म्हणजे प्रोसेसरच्या पोटातच असलेले ग्राफिक्स. त्याचे पैसे मोजायचे आणि शेजारी वेगळे कार्ड लावून ते झोपवून ठेवायचे, हा पहिला तोटा. दुसरा त्याहून मोठा. ६५०० एक्सटी हे कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनवरून, म्हणजे डेटाच्या चार वाटांवरून, बोलते. कार्ड बसवायचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ४.० या पिढीचा असेल तर तेवढ्यात कसेबसे भागते, पण यादीतला प्रोसेसर ३.० चा आणि बोर्डही ३.० चाच, म्हणजे आधीच अरुंद असलेल्या वाटेवरचा वेगही निम्मा. त्यातून कार्डाची स्वतःची मेमरी चारच जीबी. नव्या गेममध्ये ती भरली की त्याला त्याच वाटेने रॅमकडे पुन्हा पुन्हा धाव घ्यावी लागते आणि चालता चालता चित्र अडखळते. मुलाने हे सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाला, “काका, पण यूट्यूबवर तर ते चांगलं चालत होतं.” चालत होते, पण ते ४.० च्या बोर्डावर असणार, असे मी सांगितले.

मग मी एसएमपीएसकडे वळलो. इथे सहसा माझी वकिली कमी पडते. ज्या डब्यामुळे गेम एका फ्रेमनेही वेगाने चालत नाही, त्याच्यासाठी अडीच हजार जास्त मोजायला कोणाचे मन होत नाही. म्हणून मी बोलण्याऐवजी दोन डबे काउंटरवर ठेवले: एक यादीतला चौदाशेचा, दुसरा साडेपाचशे वॉटचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या शिक्क्याचा, ३,९०० रुपयांचा. तोवर गप्प बसलेल्या वडिलांनी पहिला उचलला, दुसरा उचलला, पुन्हा पहिला उचलला आणि चष्मा वर सरकवून दोघांच्या नेमप्लेट वाचू लागले, जशी एखादी जुनी मोटार विकत घेण्यापूर्वी वाचतात तशी.

“साहेब, ह्यातला कुठला व्होल्टेज कार्डाला जातो?”

मी म्हणालो, “बारा. कार्ड आणि प्रोसेसर, दोघांचाही मुख्य भार बारावरच.”

त्यांनी स्वस्त डब्यावरच्या बारा व्होल्टच्या खालच्या आकड्यावर नख ठेवले. चौदा अँपिअर. “बारा चोक अठ्ठेचाळीस... एकशे अडुसष्ट वॉट झालं की ओ. मग साडेसहाशे कुठनं आले?” दुसऱ्या डब्यावर बारा व्होल्टला चव्वेचाळीस अँपिअर होते, म्हणजे पाचशे अठ्ठावीस वॉट. त्यांनी चौदाशेचा डबा उचलून माझ्या बाजूला सरकवला आणि तो विषय संपला. इतक्या वर्षांत एवढ्या लवकर हे पटलेले गिऱ्हाईक मला आठवत नाही.

त्यानंतर मी दोन कागद केले. पहिल्यावर वेगळे कार्डच नाही: ५६००जी, तोच बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम ३,३०० ला, कारण एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन लहान पट्ट्यांनी मेमरीची वाट दुप्पट रुंद होते आणि पोटातल्या ग्राफिक्सला तर तिच्यावरच जगायचे असते, तीच एसएसडी, चांगला एसएमपीएस, २,२०० चे साधे जाळीचे कॅबिनेट आणि सात हजारांचा नवा मॉनिटर. एकूण ३७,४००. यावर व्हॅलोरंट हा गेम मजेत चालतो, जीटीए ५ सेटिंग कमी करून चालतो, आणि उरलेल्या बारा हजार सहाशेत पुढे भर घालून कार्ड घेता येते. दुसऱ्या कागदावर पोटात ग्राफिक्स नसलेला रायझन ५ ५५०० आठ हजारांना, आरएक्स ६६०० हे आठ जीबीचे कार्ड २०,५०० ला, बाकी सामान तेच, आणि मॉनिटर मात्र एका पतसंस्थेने बदलून टाकलेल्या लॉटमधला, बावीस इंची, साठ हर्ट्झचा, अडीच हजारांचा. एकूण ४९,६००. कीबोर्ड आणि माऊस त्यांच्या घरी होते.

मुलाने दुसरा कागद वाचला आणि मला पकडले. “काका, ५५०० पण ३.० चाच आहे की!” मला मनापासून आनंद झाला. त्याला सांगितले की ६६०० ला आठ लेन आहेत आणि ३.० च्या आठ लेन म्हणजे ४.० च्या चार लेनइतकीच वाट. शिवाय मेमरी दुप्पट असल्यामुळे त्या वाटेने पळापळ करण्याची वेळच कमी येते. त्याचे दुसरे दुखणे मॉनिटरचे होते आणि ते खरे होते. कार्ड सेकंदाला दीडशे फ्रेम काढेल आणि पडदा साठच दाखवेल, याला माझ्याकडे उत्तर नव्हते; मॉनिटर नंतर बदलता येतो, एवढेच म्हणता येत होते.

माझा स्वतःचा कल पहिल्या कागदाकडे होता आणि तसे मी स्पष्ट बोललो. वडिलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, “आमच्या लेथला बेड जन्मात एकदाच घ्यायचा असतो. चक बदलतो, टूलपोस्ट बदलतो, मोटारबी बदलतो. ह्यातला बेड कुठला?”

बेड म्हणजे लेथचा पाया, चक म्हणजे त्याच्यावर बसणारा, फिरता जॉब धरणारा भाग. हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी थोडा विचार करून बोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट यांच्यावर बोट ठेवले. याच बोर्डावर पुढे आठ कोरचा प्रोसेसर बसू शकतो, एसएमपीएस मोठ्या कार्डालाही पुरेल.

“म्हणजे बेड दोन्ही कागदांत एकच हाय. मग चक आत्ताच मोठा घिऊ. उरलेलं बारा हजार घरात ऱ्हात न्हाईत, साहेब.” या हिशेबापुढे माझा कल टिकला नाही. दुसरा कागद ठरला.

जोडणी मी टेबलावर सुरू केली आणि प्रोसेसर बसवायला मुलाला दिला. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दांडी उभी ठेवायची आणि फक्त सोडायचा. बोटाने दाबला तर तेराशेवर पिनांपैकी एखादी वाकते. त्याचा हात थरथरत होता. “दाबू नगंस,” वडील मागून म्हणाले, “प्रेस फिट न्हाई ते, स्लायडिंग फिट हाय.” प्रोसेसर स्वतःच्या वजनाने आत बसला.

साडेपाचला बटण दाबले. पंखे फिरले, कार्डाचा पंखा फिरला, पडदा काळा. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातले, केबल बदलली, काळाच. घाम पुसत मी बोर्डाच्या खोक्यावरची तारीख बघितली आणि चूक माझ्याच पदरात आली. बी४५० चे बोर्ड २०१८ पासूनचे, ५५०० आला २०२२ मध्ये. माझ्या माळ्यावर पडून राहिलेल्या या बोर्डातल्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, तो प्रोसेसर जन्माला आल्याचे माहीतच नव्हते. विकण्यापूर्वी मी ते बघायला हवे होते. अशा वेळेसाठी ड्रॉवरमध्ये एक जुना २२००जी प्रोसेसर ठेवलेला असतो. तो बसवला, पडदा उजळला, पेनड्राईव्हवर नवे बायोस उतरवून घेतले. बाहेर अंधारून आले होते आणि वाऱ्याने समोरच्या दुकानाचा फलक वाजायला लागला होता, म्हणून टेबलाची पिन काढून यूपीएसवर लावली. यूपीएसची बॅटरी तीन वर्षांची होती, हे मी त्या दोघांना सांगितले नाही.

नवे बायोस बोर्डात चढवायला घेतले. पडद्यावरची टक्क्यांची पट्टी चाळिसाच्या पुढे गेली असेल तेव्हा वीज कडाडली आणि गल्लीतली लाईट गेली. दुकानात त्या पडद्याचा निळसर उजेड आणि यूपीएसची टीं-टीं एवढेच उरले. या क्षणी वीज तुटली तर बायोस अर्धवट राहते आणि बोर्ड निर्जीव होतो, हे मी मुलाला हळू आवाजात सांगितले. वडिलांना सांगावे लागले नाही. “आटे पाडताना लाईट गेली की टूल जॉबमध्येच अडकतंय,” एवढे ते बोलले आणि यूपीएसच्या वायरीपासून पाय लांब घेऊन उभे राहिले. साठ, बाहत्तर, ऐंशी. वळवाचा पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की टीं-टीं ऐकू येईनाशी झाली, आणि ती बंद पडली की फक्त ऐकू येत नाही, हे कळायला मार्ग नव्हता. शंभर झाले, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि मी हात पुढे करून स्वतःच ते बंद केले.

लाईट पाऊण तासाने आली. ५५०० परत बसवला, या वेळी मुलाचा हात थरथरला नाही. पडद्यावर प्रोसेसरचे नाव आल्यावर त्याने वडिलांकडे बघितले. बायोसमध्ये ३२०० ची रॅम २४०० वरच मुकाट चालत होती. एक्सएमपी ही रॅमचा पूर्ण वेग खुला करणारी सेटिंग चालू करून तिला तिच्या वेगावर आणली. अर्धा तास ताण देऊन तपासले, बिल केले, अठरा टक्के जीएसटी भावांतच धरलेला होता.

रुमालातून नोटा मोजून झाल्यावर चारशे रुपये परत द्यायचे होते. मुलगा काचेच्या कपाटाकडे बघत होता. त्याच्या यादीतले सहा रंगीत पंखे मीच खोडले होते. “पप्पा, एक तरी?” त्याने विचारले. वडिलांनी माझ्याकडे बघितले. एसएमपीएसवरून थेट चालणारा एक पंखा साडेतीनशेला होता. त्यांनी नेमप्लेट वाचली, बारा व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा बघितला आणि म्हणाले, “बसवा. एवढा लोड झेपतोय.”

तो मी पुढच्या जाळीमागे बसवला. उरलेले पन्नास रुपये वडिलांनी खिशात टाकले आणि पाऊस थांबलेला बघून स्प्लेंडर पुसायला बाहेर गेले.