फॉल्टला टेकलेली 'जाड वाळू'

वायूच्या शोधासाठी विहिरीची जागा ठरवायची होती. इन्व्हर्जनच्या (सिस्मिक, म्हणजे जमिनीखालून परतलेल्या लहरींच्या नोंदींवरून खडकांचे गुणधर्म काढण्याच्या) नकाशात ग्रोथ फॉल्टला टेकून, हँगिंग वॉलमध्ये (फॉल्टच्या खाली सरकलेल्या बाजूला) कमी इम्पीडन्सचा (घनता गुणिले लहरीचा वेग; कमी म्हणजे इथे मऊ वाळूची खूण) जाड पाचर दिसत होता. जाडी ४५ मीटर, फॉल्टपासून दूर जाताना निमुळती. गाळ साचत असतानाच फॉल्ट सरकत राहतो, म्हणून खाली सरकलेल्या बाजूचे थर जाड होतात. इथे वाळू ज्यात आहे तो थरांचा पट्टा फूटवॉलमध्ये (फॉल्टच्या दुसऱ्या बाजूला) ६० आणि हँगिंग वॉलमध्ये ११० मीटर होता. त्यामुळे वाळूही जाड, हे सगळ्यांना पटलं. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटलं.

वेग सेकंदाला २४०० मीटर आणि प्रमुख वारंवारता ३० हर्ट्झ धरली, तर तरंगलांबी ८० मीटर आणि तिच्या चतुर्थांशाइतकी ट्यूनिंग जाडी (याहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत) २० मीटर. म्हणजे ४५ मीटरच्या थराचा माथा आणि तळ वेगवेगळे दिसायला हवेत. माथा होता, तळ नव्हता. वाळू खाली हळूहळू शेलमध्ये (चिकणमातीच्या खडकात) मिसळत असेल तर तळ उमटत नाही, हा आक्षेप रास्तच होता. म्हणून १० हर्ट्झखालचा भाग वगळून नुसता सापेक्ष इम्पीडन्स पाहिला. पाचर गायब, उरल्या दोन बारीक पट्ट्या.

जाडी आली होती लो-फ्रिक्वेन्सी, म्हणजे कमी वारंवारतांच्या मॉडेलमधून. सिस्मिकमध्ये या वारंवारता नसतातच, त्या विहिरींच्या लॉगवरून (विहिरीत उपकरण उतरवून घेतलेल्या नोंदींवरून) भराव्या लागतात. विहिरी सगळ्या फूटवॉलमध्ये, आणि मॉडेलने त्यांचे आकडे फॉल्ट ओलांडून त्याच वेळेच्या (लहर परतायला लागणाऱ्या) पातळीवर सरळ पलीकडे ओढले होते. पलीकडे त्या पातळीला थरच वेगळे!

मग फॉल्टच्या दोन्ही बाजूंच्या ब्लॉकचे होरायझन (थरांच्या सीमा) स्वतंत्र आखले, फॉल्ट ही मॉडेलची हद्द ठेवली आणि हँगिंग वॉलचा कल सिस्मिक वेगांवरून घेतला. तिथे दुसरीच गोष्ट हाती लागली: खोलीबरोबर वाढायला हवा तो वेग मध्येच घटत होता. हे अतिदाबाचं, म्हणजे खडकातल्या द्रवाचा दाब नेहमीपेक्षा जास्त असल्याचं लक्षण. अतिदाबाच्या शेलचा इम्पीडन्स इतका उतरतो की मऊ वाळू आणि असा शेल वेगळे ओळखू येत नाहीत. निवाडा वीपी/वीएस (दाबलहर आणि कातरलहर यांच्या वेगांच्या) गुणोत्तराने होतो. वायू असलेली वाळू साधारण १.८ च्या खाली जाते, इथे २.५ च्या वर होतं, म्हणजे शेलच. मात्र फॉल्टजवळ दूरच्या कोनांचे किरण फॉल्ट ओलांडून येतात, गॅदर (एकाच जागेच्या वेगवेगळ्या कोनांच्या नोंदींचा संच) सपाट राहत नाहीत. म्हणून ३० अंशांपुढचा डेटा मी घेतला नाही. त्याने गुणोत्तराची खात्री थोडी कमी होते, पण १.८ आणि २.५ मधला फरक त्यात बुडत नाही.

विहिरीची जागा फॉल्टपासून हटवून रोलओव्हरच्या (हँगिंग वॉलमधले थर फॉल्टकडे वाकून झालेल्या उंचवट्याच्या) माथ्याकडे नेली. वेगाचा तो घटता आलेख ड्रिलिंगवाल्यांनी लगेच मागून घेतला. ड्रिलिंगच्या चिखलाचं (विहिरीत सोडायच्या जड द्रवाचं) वजन आणि केसिंगची (विहिरीतल्या पोलादी नळाची) खोली त्यांना त्यावरूनच ठरवायची होती.